हयातीचा दाखला

निवृत्त झालो तेव्हा मुलाने 'जीवनाचा उद्देश' शोधून देणाऱ्या शिबिराची पावतीच हातात ठेवली. गेलो नाही. नोव्हेंबर होता, बँकेत पेन्शनरांची हयातीच्या दाखल्यासाठी रांग लागलेली. जन्मभर काउंटरच्या आत बसलो, आता त्यांच्या मदतीला बाहेर बसतो. २०१४ पासून हा दाखला अंगठ्यावर मिळतो खरा. पण धुणीभांडी करून झिजलेला अंगठा यंत्र ओळखेल तर शपथ! मग बोट पुसायचं, पुन्हा दाबायचं, नाहीच जमलं तर मोबाइलसमोर चेहरा. (फोटो म्हटलं की आजीबाई आधी पदर सावरतात.) "आहे ना रे मी जिवंत?" एकीने विचारलं. शिबिरांना माझी ना नाही. फी मात्र अवाच्या सवा वाटते. निवृत्त बँकवाल्यांनो, येत्या नोव्हेंबरात तासभर आपल्या जुन्या शाखेत बसा. ऐंशी ओलांडलेल्या केंद्रीय पेन्शनरांसाठी तर ऑक्टोबरपासूनच.