घराच्या कर्जासाठी एकाच वेळी चार ठिकाणी फाईल टाकू नका

सुरतेतल्या लिंबायत, डिंडोली, उधना, पांडेसरा या भागांत जळगाव, धुळे, नंदुरबारहून आलेली मराठी कुटुंबं मोठ्या संख्येनं राहतात. कोणी लूमवर, कोणी डाइंग मिलमध्ये, कोणी रिंग रोडच्या कापड मार्केटात, कोणी हिऱ्याच्या कारखान्यात. भाड्याच्या खोलीतून स्वतःच्या फ्लॅटमध्ये जायचं, ही बहुतेकांची इच्छा. पण अनेकांचा पगार अजून रोख हातात पडतो, पगाराची स्लिप मिळत नाही. अशा माणसाला जोखताना बँक सिबिलच्या रिपोर्टवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदींवर, जास्तच भिस्त ठेवते. म्हणून इथल्या माझ्या मराठी बंधू-भगिनींना दोन गोष्टी कळकळीनं सांगायच्या आहेत.

पहिली गोष्ट फायलींची. एजंट सांगतो, "काका, पाच ठिकाणी टाकून ठेवू, कुठं तरी होईलच." त्याचं कमिशन कुठूनही सुटतं, भार मात्र तुमच्या नावावर येतो. तुम्ही अर्ज केला की ती बँक किंवा फायनान्स कंपनी तुमचा रिपोर्ट मागवते आणि त्या चौकशीची तारखेसह नोंद होते. एखाद्या चौकशीनं स्कोअर फारसा हलत नाही. पण महिनाभरात पाच-सहा नोंदी दिसल्या की पुढचा अधिकारी समजतो, हा माणूस पैशासाठी दारोदार फिरतोय. एकीकडे नकार आला की लगेच दुसरीकडे धावणाऱ्याचं नुकसान इथंच होतं. मोबाइलवरच्या झटपट कर्जाच्या ॲपमध्येही 'फक्त पात्रता बघा' म्हणत अर्जाचीच संमती घेतली जाऊ शकते. बटण दाबण्याआधी वाचा. स्वतःचा स्कोअर स्वतः पाहिल्यानं मात्र तो एका अंकानंही घटत नाही, त्याची भीती बाळगू नका.

दुसरी गोष्ट क्रेडिट कार्डाची, आणि इथं प्रामाणिक माणसंही फसतात. समजा, कार्डाची लिमिट ५०,००० आहे. गावाकडच्या लग्नासाठी कपडे घेतले, वर भाच्याचा मोबाइल, असं करत ४५,००० वापरले. बिल तुम्ही वेळेत पूर्ण भरता, एक रुपया व्याज लागत नाही. तरीही रिपोर्टमध्ये लिमिटच्या ९० टक्के वापर दिसू शकतो, कारण बँक ज्या दिवसाची बाकी कळवते त्या दिवशी रक्कम उभीच असते. १ जानेवारी २०२५ पासून बँकांना ही माहिती महिन्यातून निदान दोनदा कळवावी लागते. त्यामुळे घराचा अर्ज करायचा असेल तर आधीचे तीन-चार महिने कार्डावरचा वापर लिमिटच्या ३० टक्क्यांच्या आत ठेवा. ५०,००० च्या कार्डावर १५,००० पेक्षा जास्त बाकी नको. मोठी खरेदी झालीच, तर शेवटच्या तारखेची वाट न बघता बिल तयार होण्याआधीच पैसे भरा. आणि जुनं कार्ड अर्जाच्या तोंडावर बंद करू नका. त्याची लिमिट गेली की उरलेल्या कार्डांवरचा वापर टक्केवारीत वाढतो.

हिऱ्याच्या मंदीत ज्यांचं काम कमी झालं, त्यांनी 'मिनिमम ड्यू'वर महिने काढले असतील. त्यांना दोष देण्याचा प्रश्नच नाही, घर चालवावं लागतं. पण मिनिमम भरल्यानं फक्त हप्ता चुकल्याची नोंद टळते. उरलेल्या रकमेवर बहुतेक कार्डांत महिन्याला ३ ते पावणेचार टक्के व्याज चढतं आणि बाकी जागची हलत नाही. दुकानदाराकडे कार्ड घासून रोख घेऊन दुसऱ्या कार्डाचं बिल भरणं तर अजिबात नको. वसुलीवाला 'सेटलमेंट' सुचवील, तेव्हाही घाई करू नका. पूर्ण फेडलेलं कर्ज आणि तडजोडीनं मिटवलेलं कर्ज रिपोर्टमध्ये वेगळं दिसतं, आणि घराचं कर्ज देणारा ते पाहतोच.

कायद्यानं दिलेले हक्क वापरा. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क, कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या या चारही कंपन्यांना वर्षातून एकदा तुमचा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यावा लागतो. अशा कंपन्यांसाठीच्या २००५ च्या कायद्यानुसार, अर्ज केलेल्या बँकेनं मागवलेल्या तुमच्या रिपोर्टची प्रत तुम्ही तिच्याकडे मागू शकता. नकार आला तर ती जरूर मागा. न घेतलेलं कर्ज, फेडूनही उघडं दिसणारं खातं अशी चूक सापडली तर लेखी तक्रार करा. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळण्याचा नियम आहे. तरीही दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. त्याची माहिती १४४४८ या नंबरवर मिळते.

तेव्हा एजंटच्या हातात आधार आणि पॅनच्या झेरॉक्स देण्याआधी आपला रिपोर्ट काढा, घरात बसून वाचा, कार्डाची बाकी उतरवा आणि मग नीट चौकशी करून एकाच ठिकाणी अर्ज करा. एजंटलाही स्पष्ट सांगा: मला विचारल्याशिवाय दुसरीकडे फाईल टाकायची नाही.