दार आपणच उघडं टाकतो

परवा भिशीला आमच्या शेजारच्या काकू आल्या त्या जरा घुश्शातच. भाचीचं लग्न जवळजवळ ठरत आलं होतं आणि मुलाकडच्यांनी अचानक "पुढं बघू" असं कळवलं. कारण विचारलं तर कुणी धड सांगेना. शेवटी मध्यस्थांकडून कळलं. मुलाच्या बहिणीनं म्हणे हिच्या फेसबुकवर जाऊन कॉलेजच्या सहलीचे पाच वर्षांपूर्वीचे फोटो बघितले. फोटोत काय होतं? चार मुलं, चार मुली आणि एका मित्राच्या खांद्यावर हात ठेवून हसणारी ही. बस्स, एवढंच!

"बरं झालं बाई, असलं घर टळलं ते," आमच्यातली एक म्हणाली. खरंच आहे ते. पण दुसरी लगेच म्हणाली, "म्हणूनच मी माझ्या पोरीच्या हातात मोबाइल देत नाही." मैत्रिणींनो, ते ऐकून मी दचकले. आजार ओळखला, पण औषध भलतंच!

स्थळाची चौकशी पूर्वीही व्हायचीच. पण ती माणसांकडे व्हायची. "मुलगी गुणाची आहे हो, मी लहानपणापासून बघतेय," असं सांगणारं कुणीतरी भेटायचं. मोबाइलवरच्या फोटोला तोंड नसतं. तो कधीचा, कुठला, कुणी काढलेला, हे बघणाऱ्याला कळत नाही. तो आपल्याला हवा तो अर्थ लावून मोकळा होतो. आणि ही चौकशी आता फक्त लग्नासाठी होत नाही. नोकरी देणारे बघतात, खोली भाड्यानं देणारे बघतात. नकार मिळतो, पण कशामुळे मिळाला ते कधीच समजत नाही.

आपल्या पालघरची गोष्ट आठवते का? नोव्हेंबर २०१२. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद होती. त्या बंदबद्दल पालघरच्या २१ वर्षांच्या एका मुलीनं फेसबुकवर चार ओळी लिहिल्या. तिच्या मैत्रिणीनं त्याला 'लाइक' केलं. बस्स! दोघींना अटक झाली. लिहिणाऱ्या मुलीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली. पुढं पोलिस अधिकाऱ्यांवर कारवाई झाली, मुलींवरचा खटलाही बंद झाला. ज्या कलमाखाली असल्या अटका होत होत्या ते माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं '६६ ए' कलम २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं घटनाबाह्य ठरवून रद्द केलं. श्रेया सिंघल या कायद्याच्या विद्यार्थिनीनं त्यासाठी याचिका केली होती. न्याय मिळाला खरा, पण त्या दोन घरांनी जे भोगलं ते कोण परत घेणार?

"आमचा ग्रुप बंद आहे, फक्त मैत्रिणींचा," असंही आपण म्हणतो. अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात २०१७ साली प्रवेश मिळालेल्या किमान दहा मुलांनाही तसंच वाटलं असणार. आपल्या खासगी ग्रुपवर त्यांनी घाणेरडे विनोद टाकले. ते विद्यापीठापर्यंत पोहोचले आणि प्रवेश रद्द झाले. त्यांचा दोष होताच. पण ग्रुपमधल्या एकानं स्क्रीनशॉट काढला की बंद दार उघडलंच म्हणून समजा.

मग कायदा काय करतो? २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचं एकमतानं सांगितलं. २०२३ साली संसदेनं व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदाही केला. पण त्यात एक मेख आहे. जी माहिती आपण स्वतःहून सगळ्यांसमोर मांडली, तिला हा कायदा लागू होत नाही. म्हणजे चव्हाट्यावर आपणच ठेवलं, तर राखणही आपणच करायची.

ती फार अवघड नाही. फेसबुकनं मे २०२० मध्ये भारतात प्रोफाइल 'लॉक' करायची सोय दिली. ती वापरली की जुने फोटोसुद्धा फक्त मित्रमंडळींनाच दिसतात. व्हॉट्सअ‍ॅपचं स्टेटस कुणाकुणाला दिसावं, तेही निवडता येतं. गावाला गेलात तर फोटो परत आल्यावर टाका, नाहीतर घराला कुलूप असल्याची दवंडीच ती! लेकीचं हॉल तिकीट, आधार कार्ड, शाळेचं नाव असलेला गणवेश कौतुकानं टाकू नका. तिचा फोटो टाकण्याआधी तिला विचारा. लहान असली तरी विचारा. आणि कुणी फोटोचा गैरवापर केलाच, तर घाबरून सगळं पुसू नका. आधी पुरावा ठेवा. केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे पोर्टलवर महिला आणि मुलांसाठी वेगळा विभाग आहे. लैंगिक स्वरूपाच्या मजकुराची तक्रार तिथं नाव न देताही करता येते.

पण मोबाइल काढून घेणं हा उपाय नव्हे. नोकरीची जाहिरात, शिष्यवृत्तीचा फॉर्म, बचत गटाच्या पापडांची ऑर्डर, सगळं आज त्याच्यावरच येतं. दुसऱ्यांनी वाकून बघितलं म्हणून आपल्या मुलीची खिडकीच बुजवायची, हा कुठला न्याय?

भिशी संपल्यावर काकूंनी मोबाइल माझ्यापुढं धरला. "ते लॉक का काय ते, करून दे गं." करून दिलं. त्या घुटमळल्या. मग हळूच म्हणाल्या, "आणि हे बघ, मुलगी बघायला आले होते ना, त्या दिवशीचे फोटो मीच टाकलेत फेसबुकवर. भाचीला विचारलंच नव्हतं. तेही काढ."