‘स्वातंत्र्योत्तर’ : कोणाच्या स्वातंत्र्यानंतर?

मराठी वाङ्मयेतिहास शिकवताना ‘स्वातंत्र्योत्तर’ हे कालखंडनाम आपण इतक्या सवयीने वापरतो की त्यामागचा भूगोल ध्यानातच येत नाही. १५ ऑगस्ट १९४७ ही तारीख पुण्या-मुंबईला लागू पडते, नागपूरलाही पडते. नांदेड, परभणी, बीडला पडत नाही. तेथे ते स्वातंत्र्य १७ सप्टेंबर १९४८ रोजी, पोलीस कारवाईनंतर आले. गोव्यात तर १९ डिसेंबर १९६१ उजाडावा लागला; म्हणजे आपली लाडकी ‘साठोत्तरी’ सुरू झाली तेव्हा पणजीत पोर्तुगीज गव्हर्नर बसलेला होता.

हा केवळ तारखांचा घोळ असता तर तळटिपेत भागले असते. परंतु १९३० च्या सुमारास नांदेडात जन्मलेल्या माणसाचा विचार करून पाहावा. घराचा उंबरठा न बदलता तिशीपर्यंत तो चार राज्यांचा रहिवासी झाला : निजामाचे संस्थान, भारतातले हैदराबाद राज्य, १९५६ चे द्वैभाषिक मुंबई राज्य आणि १९६० चा महाराष्ट्र. त्याच्या बालपणी राजधानी हैदराबाद, राजभाषा उर्दू, नाणे हाली शिक्क्याचे. ज्या निजामाविरुद्ध लढा झाला, तोच १९५० ते १९५६ राजप्रमुख म्हणून त्याच्या डोक्यावर होता! अशा माणसाला ‘देश’ जन्मतः हाती आलेला नसतो. त्यात सामील व्हावे लागते. पुण्यातल्या त्याच्या समवयस्काचा शत्रू सातासमुद्रापलीकडचा होता. याचा शत्रू, रझाकार, कदाचित शेजारच्या गावातला, नावानिशी ठाऊक असलेला.

नरहर कुरुंदकर १९३२ साली जन्मले आणि हैदराबादेत शिकले. त्यांची धर्मनिरपेक्षतेची मांडणी आपण तर्कशुद्ध विवेचनाचा नमुना म्हणून शिकवतो, आणि तशी ती आहेच. पण राज्यसंस्था आणि धर्म यांचे नाते हा त्यांच्यापुरता निव्वळ पुस्तकी प्रश्न नव्हता. हैदराबाद वगळून कुरुंदकर वाचणे म्हणजे उत्तर वाचून प्रश्न न वाचणे होय.

मात्र ‘जशी भूमी तशी जाण’ असे सरळ समीकरण मांडण्याचा मोहही टाळला पाहिजे. देशीवादाच्या उथळ अनुयायांनी तो पुष्कळदा टाळलेला नाही. एकाच गावात दोन घरांना दोन देश दिसू शकतात. १९४८ च्या त्या सप्टेंबरात आणि पुढच्या आठवड्यांत मराठवाड्यातील मुसलमानांवर जे हल्ले झाले, त्यांची नोंद केंद्राने पाठवलेल्या सुंदरलाल समितीने केली होती. तो अहवाल कित्येक दशके अप्रकाशित राहिला. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या एखाद्या घरात ‘मुक्ती’ हा शब्द कसा उच्चारला जात असेल, हे आपल्या मराठी कादंबरीने फारसे विचारलेले नाही. ही उणीव मला ठिकाणाच्या प्रश्नापेक्षाही गंभीर वाटते.

आपल्या समीक्षेने मराठवाड्यातल्या, गोव्यातल्या लेखनाला ‘प्रादेशिक’ म्हटले आणि सदाशिव पेठेतून दिसणाऱ्या देशाला नुसतेच ‘देश’ म्हटले. पेठ हाही एक प्रदेशच आहे, आणि तिथे वाढलेल्यालाही देश तिथूनच दिसतो. फरक एवढाच, की त्याला विशेषण लावावे लागत नाही.

एम. ए. च्या वर्गात कालखंडाचे नाव फळ्यावर लिहिताना त्याखाली निदान या तीन तारखा लिहायला हरकत नसावी. वर्गात कोणी बेळगावचा विद्यार्थी असेल तर १ नोव्हेंबर १९५६ ही चौथी तो स्वतःच सांगेल.