तळेगावात अक्षरे किती?

आमच्या गावाच्या नावापुढे कंस आहे. महाराष्ट्रात तळेगावे पुष्कळ. दाभाडे, ढमढेरे, दशासर. म्हणून आमचे तळेगाव (श्यामजी पंत). नुसते 'तळेगाव' म्हणालात तर नागपूर-अमरावती रस्त्यावर उतरायचा पाहुणा पुण्याच्या लोकलमध्ये सापडेल. एवढे शहाणपण खेड्यातल्या माणसांना सुचले, संगणकवाल्यांना नाही.

त्यांच्याकडे मजकूर चाळायचे 'ऑक' नावाचे अवजार आहे. १९७७ साली बेल लॅबमध्ये आहो, वाइनबर्गर आणि कर्निघन यांनी ते केले. तिघांची आद्याक्षरे जोडून नाव ठेवले. पुढे त्याला गॉक, मॉक असे भाऊबंद झाले, पण हाक मारायची ती 'ऑक' म्हणूनच! यंत्रात जो बसला असेल तो ओ देतो.

वाचनालयाच्या स्मरणिकेसाठी पुतण्याने पुण्याहून एक स्क्रिप्ट धाडली. ती चालवली की देणगीदारांची यादी रकान्यांत बसून छपाईला तयार. पहिल्या नावाला जागा २० अक्षरांची. त्याच्याकडे होता गॉक, माझ्याकडे मॉक. आता 'तळेगाव' ही तुमच्याआमच्या लेखी ४ अक्षरे. गॉक काना-मात्रा वेगळे धरून ६ म्हणतो, तेही चालेल. मॉक बाइट मोजतो, आणि देवनागरीचे एकेक चिन्ह ३ बाइट खाते. त्याचे उत्तर १८! आमची कमलाबाई आत्या विसाव्या बाइटाला कापली गेली आणि 'कमलाबा' होऊन, पुढे एक फुटका चौकोन घेऊन छापली गेली.

"काकाजी, माझ्याकडे तर बरोबर येतं!" पुतण्या म्हणाला. या वाक्यावर खरे तर दंड बसवला पाहिजे.

जाणकार म्हणतात, स्क्रिप्टच्या आरंभी भाषा 'सी' करा, म्हणजे सगळीकडे सारखे चालेल. चालते हो! मग गॉकही १८ म्हणू लागतो. इंग्रजीचे अक्षर एका बाइटात मावते, तिचे काय बिघडते? लांबी अक्षरांत मोजावी असे पॉसिक्सचा नियम सांगतो. मूळ ऑकनेही २०२३ पर्यंत युनिकोड शिकून घेतला. मॉक चपळ आहे, कबूल. पण चपळाईने चुकीचे मोजणाऱ्याला आमच्या बाजारात काटा मारणारा म्हणतात.

हल्ली माझी स्क्रिप्ट आधी 'तळेगाव'ची लांबी विचारते. उत्तर ६ आले नाही तर तिथेच थांबते. पुतण्या याला अडाणीपणा म्हणतो.

आत्याला मी समजावले, "आत्या, तुझं नाव एकवीस बाइटांचं, त्यातले वीसच मावले."

"अन् पाचशे एक रुपये दिले, तेव्हा पाचशेच मावले होते का रे?"