मोजणी रस्त्याच्या कडेलाही हवी

राष्ट्रीय महामार्ग ५३ आणि गोंदिया-बल्लारशा लोहमार्ग सौंदडला एकमेकांना छेदतात. उत्तरेला नागझिरा, दक्षिणेला नवेगाव. डिसेंबर २०१३ मध्ये ही दोन्ही रानं, कोका आणि नवीन नागझिरा अभयारण्यांसह, एका व्याघ्र प्रकल्पाच्या नावाखाली आली. कागदावर प्रकल्प एकच आहे. जमिनीवर मात्र मधे धानाच्या बांध्या, झुडपी जंगल, गावं आणि रात्रभर न थांबणारे ट्रक आहेत. नागझिऱ्यातून नवेगावला निघालेल्या जनावराला हे सगळं पार करावं लागतं.

जंगलाच्या आत आपण मोजणीत बरंच पुढे गेलो आहोत. पाणवठ्यावर मचाण बांधून बुद्धपौर्णिमेच्या चांदण्यात जनावरं मोजायची, पावलांच्या ठशांवरून वाघ ओळखायचे, हा काळ मागे पडला. २००६ पासून दर चार वर्षांनी देशभर एकाच पद्धतीने व्याघ्रगणना होते. वनरक्षक पहाटे ठरलेल्या दोन किलोमीटरच्या रेषेवर चालतो. चितळांचा कळप दिसला की थांबतो, संख्या लिहितो, अंतर आणि दिशा टिपतो. पुढे ठरावीक टप्प्यांवर लेंड्या मोजतो. कॅमेरे वेगळेच लागलेले असतात, कारण प्रत्येक वाघाचे पट्टे निराळे. २०२२ च्या गणनेत देशात सरासरी ३,६८२ आणि महाराष्ट्रात ४४४ वाघ निघाले. राज्यात २०१४ साली हाच आकडा १९० होता. या वाढीमागे रानात पायपीट करणाऱ्यांचे कष्ट आहेत आणि त्याबद्दल मला मनापासून आदर आहे.

पण या आकड्यांतला वाघ एका जागी बसून राहत नाही. वयात आला की त्याला स्वतःचा मुलूख शोधावा लागतो. नागझिऱ्यात वाढलेला ‘जय’ २०१३ मध्ये उमरेड-कऱ्हांडल्यात पोहोचला, तो नद्या, शेतं आणि रस्ते ओलांडूनच. सगळ्यांना ते साधत नाही. १० ऑगस्ट २०२३ रोजी गोंदिया-कोहमारा रस्त्यावर मुरदोलीच्या जंगलात कारच्या धडकेने एक तरुण वाघ जबर जखमी झाला आणि उपचारासाठी नेत असताना मेला. नोव्हेंबर २०१८ मध्ये चंद्रपूरजवळ चिचपल्लीच्या रानात रेल्वेखाली वाघाचे तीन बछडे सापडले. लोहमार्ग तोच, सौंदडवरून जाणारा.

हे वाघ होते म्हणून बातमी झाली. रानमांजर, उदमांजर, मुंगूस, साळिंदर, अजगर यांची नोंद कोण करतं? पहाटे डांबरावर एखादं रानमांजर पडलेलं असतं, शेपटीवरची काळी वलयं अजून ओळखू येतात. उजाडताच कावळे आणि गावची कुत्री येतात, नंतरची चाकं उरलेलं काम करतात. दुपारी तिथे फक्त डाग असतो. मार खाऊन झुडपात शिरलेलं आणि तिथेच मेलेलं जनावर तर दिसतही नाही. म्हणजे रस्त्यावर जे सापडतं ते खऱ्या नुकसानीपेक्षा नेहमी कमीच असतं.

रानकुत्र्यांची चिंता मला अधिक वाटते. नागझिरा त्यांच्यासाठी नावाजलेला आहे. पण त्यांच्या अंगावर पट्टे नाहीत, एकाला दुसऱ्यापासून फोटोत वेगळं काढणं फार अवघड. त्यामुळे त्यांचा नेमका आकडा वाघाइतका सहज हाती येत नाही. पूर्ण कळप एकत्र फिरतो, एकत्र शिकार करतो, पिल्लांना एकत्र पोसतो. अशा कळपातले दोन-तीन मोठे एका रात्रीत गेले तर मागे राहिलेल्यांना पिल्लं जगवणं जड जातं, आणि कोणत्याही तक्त्यात ते उमटत नाही.

मेलेली जनावरं मोजूनही भागत नाही. रस्ता रुंद झाला, वाहनं वाढली आणि मृत्यू कमी झाले, तर अधिकारी समाधानाने फाइल बंद करतील. पण जनावरांनी रस्ता ओलांडणंच सोडलं असेल तरीही आकडा शून्यच येतो. मग नवेगावची जनावरं नवेगावात, नागझिऱ्याची नागझिऱ्यात, आणि पिढ्यांमागून पिढ्या रक्ताचं नातं तुटत जातं. म्हणून प्रेतांच्या नोंदीबरोबर रस्त्याच्या दोन्ही अंगांना माग, विष्ठा आणि कॅमेऱ्यातली छायाचित्रंही हवीत. पेंचमध्ये नागपूर-जबलपूर महामार्गाखाली नऊ भुयारी मार्ग व पूल बांधले आणि २०१९ मध्ये भारतीय वन्यजीव संस्थेने तिथे कॅमेरे लावले. अठरा जातींचे प्राणी खालून जाताना टिपले गेले, त्यांत अकरा वेगवेगळे वाघ होते. वाट दिली तर जनावर ती घेतं, याचा एवढा सज्जड पुरावा आपल्याच विदर्भात आहे.

माणसाचा हात फक्त चाकांतून पोहोचत नाही. धान पोटऱ्यात आलं की रानडुकरं बांधीत शिरतात आणि कुणी तारेत वीज सोडतो. त्या तारेला बिबट्या चिकटतो, कधी वाघ, कधी घरचाच माणूस. शेतकऱ्याचं नुकसान खरं आहे. भरपाई वेळेत मिळाली तर तार लावण्याची पाळी कमी येईल. पण अशा तारांनी किती जनावरं मरतात, हे प्रेत लपवलं गेल्यामुळे रस्त्यापेक्षाही कमी कळतं.

आता घाई करायला कारण आहे. एप्रिल २०२५ मध्ये केंद्राने गोंदिया-बल्लारशा या २४० किलोमीटर मार्गाच्या दुहेरीकरणाला मंजुरी दिली. मार्ग हवाच, या भागाला त्याचा फायदा आहे. पण दुसरा रूळ म्हणजे ओलांडायची रुंदी वाढली आणि दोन गाड्यांमधला मोकळा वेळ घटला. भराव घातल्यावर मोऱ्या बदलणं महाग पडतं, आराखडा कागदावर असतानाच ते स्वस्त असतं. रुळावर रोज पायी फिरणारे ट्रॅकमन, महामार्गाची गस्ती गाडी, पहाटे दूध घेऊन निघणारे आणि गावातली कॉलेजची मुलं यांच्याकडून किमान एक वर्ष साधी नोंद घ्यावी: कोणतं जनावर, कोणता किलोमीटर, किती वाजता, जिवंत की मेलेलं. ती दर महिन्याला वनविभागाने रेल्वे आणि महामार्ग प्राधिकरणाकडे पाठवावी, सौंदडच्या ग्रामपंचायतीत लावावी. रेल्वेच्या आराखड्यात प्रत्येक मोरीला किलोमीटरचा आकडा असतोच. जनावरांच्या नोंदीतला किलोमीटर त्याच्या शेजारी ठेवला, की कोणती मोरी रुंद करायची आणि कुठे नवी काढायची हे अभियंत्याला अंदाजाने ठरवावं लागणार नाही.