बेचाळीस रुपयांची गृहभेट

बाळ जन्मले की आशा सेविका तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी त्याला पाहायला जाते. वजन करते, अंग गार पडले आहे का पाहते, श्वास मोजते, नाळ चिघळली नाही ना हे तपासते, दूध नीट ओढतो का ते आईला विचारते. या सहा भेटींचा ठरलेला मोबदला आहे २५० रुपये. म्हणजे एका भेटीला पुरते बेचाळीसही नाहीत.

त्यातही अटी आहेत. २०११ मध्ये ही योजना सुरू झाली तेव्हाच्या मार्गदर्शक सूचनांत वजनाची नोंद, जन्मनोंदणी आणि लसीकरण यांबरोबर बेचाळिसाव्या दिवशी बाळ-बाळंतीण सुखरूप असण्याचीही अट होती. जिथे बाळ अशक्त, तिथे धावपळ जास्त आणि पैसे बुडण्याची शक्यताही जास्त! कोणत्या डॉक्टरचा पगार असा ठरतो?

या गृहभेटींमागचे शास्त्र महाराष्ट्रातच घडले. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या अभ्यासानुसार तिथले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. पहिल्या महिन्यातल्या मृत्यूंपैकी सुमारे तीन चतुर्थांश पहिल्या आठवड्यातच होतात. त्यामुळे तिसऱ्या दिवसाची भेट चुकली तर नंतरच्या भेटींनी ती भरून निघत नाही.

म्हणूनच आशांच्या मानधनाची वाटाघाट ही केवळ वित्त विभागाची डोकेदुखी नाही. १८ ऑक्टोबर २०२३ रोजी राज्यातील आशा व गटप्रवर्तक संपावर गेल्या. नोव्हेंबरमध्ये आरोग्यमंत्र्यांनी आशांना सात हजार रुपयांची वाढ जाहीर केली आणि संप मिटला. शासन निर्णय मात्र निघेना. १२ जानेवारी २०२४ पासून पुन्हा संप, मग मुंबईत आझाद मैदानावर ठिय्या. मार्चमध्ये आदेश आला तो पाच हजारांचा. हाती शासन निर्णय पडेपर्यंत संप मागे घ्यायचा नाही, हा धडा कामगार संघटनांना सरकारनेच दिला. एका तोंडी आश्वासनापायी पुन्हा संप झाला आणि त्या काळातल्या बाळंतिणींच्या गृहभेटी अडल्या.

वाढ खरी होती, तिचे श्रेयही द्यायला हवे. पण लाभांचा प्रश्न एका शब्दात अडकला आहे: ‘स्वयंसेविका’. स्वयंसेविकेला मोबदला मिळतो, वेतन नाही. म्हणून वेतनश्रेणी नाही, ग्रॅच्युइटी नाही, भविष्य निर्वाह निधी नाही. २०१३ च्या ४५व्या भारतीय श्रम परिषदेने योजना कर्मचाऱ्यांना कामगार मानावे, किमान वेतन व पेन्शन द्यावे अशी शिफारस केली होती. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविकांचा ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशांचा गौरव केला. सन्मानपत्रावर नाव आले, हजेरीपटावर नाही.

कामानुसार पैसे दिल्यानेच काम होते, असा युक्तिवाद प्रशासन करते. तो अगदी खोटा नाही; दवाखान्यातील बाळंतपणे वाढण्यात प्रोत्साहन रकमेचा वाटा आहे. पण ज्याला दर आहे तेच मोजले जाते. नवी आई रडत बसते, नवरा मारतो, सासू चीक पाजू देत नाही, याची समजूत घालायला लागणारा तास कोणत्याही तक्त्यात बसत नाही. आशा तो देते, आणि फुकट देते.

केंद्राने २०२५ मध्ये नियमित कामांची मासिक रक्कम दोन हजारांवरून साडेतीन हजार केली. राज्याने त्याआधी अपघाती मृत्यूसाठी दहा लाखांचे साहाय्य मंजूर केले. अपघातात मेली तर दहा लाख. साठीपर्यंत जगली तर पेन्शन नाही. पुढच्या बैठकीत कृती समितीसमोर वित्त विभागाचे अधिकारी बसतील तेव्हा शेजारी एखादा बालरोगतज्ज्ञही बसवावा. नवजात बाळाच्या घरची भेट मोबदल्याच्या तक्त्यातून काढून निश्चित वेतनात घाला, ही मागणी संघटनेआधी त्याने करायला हवी.