रक्त थांबलं, पण श्वास?

या वेळचा विषय जरा जड आहे. पण आय.सी.यू.बाहेरच्या खुर्चीत बसायची वेळ कुणावरही येते, म्हणून लिहितो.

मोठा अपघात होतो, भरपूर रक्त जातं. सर्जन रक्तस्राव थांबवतात, रक्ताच्या पिशव्या चढतात, ब्लडप्रेशर ताळ्यावर येतं. घरचे हुश्श म्हणतात. आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, छातीला कुठेही मार नसताना, श्वास अडकतो! व्हिएतनामच्या युद्धात हेलिकॉप्टरमुळे जखमी सैनिक वेळेवर इस्पितळात पोचू लागले, जगू लागले, तेव्हा हा प्रकार ठळकपणे दिसला. 'दा नांग लंग' असं त्याला नाव पडलं. १९६७ साली निरनिराळ्या कारणांनी फुप्फुसं अशीच निकामी झालेल्या १२ रोग्यांचं वर्णन 'लॅन्सेट'मध्ये आलं. आज त्याला ए.आर.डी.एस. म्हणतात.

यात मोठा हात आपल्याच पहारेकऱ्यांचा, म्हणजे न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींचा. रक्त कमी पडलं की शरीर मेंदू आणि हृदय सांभाळतं व आतड्यांचा पुरवठा तोडतं. (लोडशेडिंगच म्हणा ना!) उपाशी आतड्यांत पुन्हा रक्त खेळू लागलं की तिथून दाह पेटवणारी द्रव्यं सुटतात. आता प्लंबिंग बघा. इंजिनियरला इथेच खरी गंमत वाटते. आतड्यांतलं रक्त आधी यकृतात गाळलं जातं. पण तिथली लसिका यकृताला बगल देऊन, छातीतल्या नळीतून मानेजवळच्या शिरेत उतरते, तिथून हृदयाच्या उजव्या कप्प्यात आणि मग थेट फुप्फुसात! १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात उंदरांची ही आतड्याची लसिकावाहिनी आधीच बांधली, तर फुप्फुसांची इजा बरीच टळली.

फुप्फुसातल्या कित्येक केशवाहिन्या न्यूट्रोफिलपेक्षा अरुंद असतात. एरवी ही पेशी अंग चोरून निघून जाते. चिथावलेली पेशी मात्र ताठरते, भिंतीला चिकटते आणि जंतूंसाठी राखलेली जहाल रसायनं तिथेच ओतते. भिंत झिरपते, वायुकोशांत पाणी भरतं. वायुकोशांतल्या मॅक्रोफेज पेशी आणखी कुमक बोलावतात, ते वेगळंच.

मग या पेशी बंदच पाडाव्यात? जंतूंशी कोण लढणार? शिवाय केमोथेरपीने न्यूट्रोफिल जवळजवळ संपलेल्या रोग्यांनाही ए.आर.डी.एस. होतो, म्हणजे दोषी त्या एकट्या नव्हेत. खात्रीचं औषध अजून नाही. खरा फायदा झाला तो साध्या गोष्टीने. २००० सालच्या अमेरिकन चाचणीत व्हेंटिलेटरने दर श्वासाला किलोमागे १२ मि.लि.ऐवजी ६ मि.लि. हवा दिली, तर मृत्यूचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून ३१ वर आलं. (हे किलो उंचीवरून काढलेल्या वजनाचे, काट्यावरचे नव्हेत.)

आणि मुळात रक्त जितकं कमी जाईल, तितकी ही साखळी सुरू व्हायची भीती कमी. वाहती जखम दिसली तर मदतीला फोन करा आणि स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरा. थांबलं का म्हणून सारखं उचलून बघायचं नाही!